पंधरा ऑक्टोबरचं पत्र

बंगलोर,
८ ऑगस्ट १९७९

प्रिय ताई,

सुखरूप पोचले. वसतिगृहात खोली मिळाली. सोबतीण मलयाळी आहे, आम्ही दोघी खुणांनी बोलतो आणि खूप हसतो.

वरठीला गाडी सुटता सुटता भाऊजींनी खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली आणि विचारलं, "विजू, माशीच्या डोळ्यात पाच वर्षं पाहण्यासारखं आहे तरी काय?" गाडी हलली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र तुला कमी आणि त्यांना जास्त आहे. वाचून दाखव.

भाऊजी, माशीचं डोकं तिळाएवढं, आणि तिच्या एकेका डोळ्याला तीन-चार हजार भिंगं. उजेड भिंगातून आत आला की खालच्या पेशीला तो कळतो. त्या पेशीची शेपटी, म्हणजे मज्जातंतू, पुढच्या पेशीपर्यंत जाते पण तिला टेकत नाही. मधे फट राहते. ती फट ओलांडून निरोप नेण्याचं काम एक रसायन करतं. या काठावरून सुटतं, त्या काठाला लागतं. काम झालं की दुसरं एक द्रव्य येऊन ते लगेच पुसून टाकतं, शाळेतली पाटी पुसावी तसं, म्हणजे पुढचा निरोप लिहायला जागा होते. माशीच्या डोळ्यातून पहिला निरोप कोणतं रसायन नेतं, हे अजून जगात कोणालाच नक्की माहीत नाही. आमच्या सरांचा अंदाज ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनावर आहे. तो खरा ठरवायचं काम माझ्याकडे आलंय.

आणि गंमत सांगू? तुम्ही धानावर फवारता ते औषधही याच जागी मारतं. ते पुसणाऱ्याचेच हात बांधून टाकतं. पाटी पुसलीच जात नाही, निरोपावर निरोप साचतात आणि किडा थरथरून मरतो. म्हणजे तुमचं आणि माझं काम एकाच फटीतलं आहे.

चंदाला पापा. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
विजू


कोंढा, ता. पवनी,
२६ ऑगस्ट १९७९

चि. विजूले ताईचा पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. तुह्या भाऊजीनं ते माह्याकडून दोनदा वाचून घेतलं, मंग सोता वाचलं, मंग खिशात घालून धुऱ्यावर घेऊन गेले. वावरात ज्याले त्याले सांगून राहिले, "माही साळी माशीच्या डोक्यात नांगर चालवते."

तुले माहीत आहे ना, गावात फवाऱ्याचा पंप पह्यले यायनंच आणला. आता लोक यायले डॉक्टर म्हणते. गावातल्या गोपीचंदची धानाची बांधी असो का आणखी कोणाचं वावर, बोलावणं आलं की हे पंप पाठीवर टाकून चालले. बाकीचे लोक औषध अंदाजानं ओततेत, हे बुचानं मोजून टाकते. मोबदला घेत नाही. म्हणते, "आपल्या विजूचं खातं आहे हे."

तू गेली तेव्हापासून बाबा कमी बोलते. ते अजूनही म्हणते की पोरीले एवढं शिकवून काय करायचं होतं. त्या दिवशी तुह्या भाऊजीनं त्यायले म्हटलं, "मामाजी, तुमाले दोन पोरी. एक मले देल्ली, ती माह्या घरी चूल फुकून राहिली. दुसरीले तरी डोळे उघडून दुनिया पाहू द्या." बाबा उठून बाहेर निघून गेले. मलेही बोलणं लागलं, पण खरं होतं.

आता तुह्या भाऊजीचा प्रश्न लिहितो. यायनं विचारलं आहे, "विजू, किड्याच्या अंगात ते रसायन आहे, त माणसाच्या अंगात आहे का नाही? असन त ते औषध आमालेही लागते का?" लवकर लिहिजो, रोज विचारते.

यंदा पाण्यानं दगा देल्ला. तळ्यातलं, बोडीतलं पाणी बांधीत सोडून कसाबसा धानाचा रोवणा झाला. सेवकराम, माहा देर, त्याचं लग्न जमून राहिलं आहे. पोटभर जेवत जाजो.

तुही ताई,
शकुन


बंगलोर,
१० सप्टेंबर १९७९

प्रिय ताई,

भाऊजींचा प्रश्न मी सरांना सांगितला. सर म्हणाले, "हा माणूस आपल्या प्रयोगशाळेत पाहिजे होता."

उत्तर: आहे. तेच रसायन माणसाच्या अंगातही आहे. पण माणूस माशीपेक्षा किती तरी मोठा. थोड्याशा औषधानं काही होत नाही. तोंडाला कापड बांधावं, वाऱ्याकडे पाठ करून फवारावं, नंतर साबणानं अंघोळ करावी. भाऊजी सगळं मोजूनमापून करतात, त्यांची काळजी नाही.

मी सध्या माशीच्या मेंदूचे काप करायला शिकतेय. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. शंभरातले नव्वद फुकट जातात.

विजू


कोंढा,
७ ऑक्टोबर १९८०

चि. विजूले आशीर्वाद.

हे पत्र मी तुह्या भाऊजीच्या चोरून लिहून राहिली आहो. हे म्हणते, "तिच्या डोक्याले ताप देऊ नोको, तिचं भाषण आहे." पण मले चैन पडत नाही.

यंदा धान असं मातलं होतं का पाहत राहावं. मंग त्याच्यावर तुडतुड्याची कीड आली. बांध्याच्या बांध्या जळल्यावाणी झाल्या. पंधरा दिवसांपासून हे रोज फवारून राहिले आहे, आपलं झालं की गोपीचंदचं, त्याचं झालं की त्याच्या शेजाऱ्याचं. पंप गळते, पाठ ओली होते. परवा भर दुपारी घरी आले आणि म्हणते, "शकुन, आभाळ आलं का? अंधारल्यावाणी होऊन राहिलं." बाहेर त डोळे दिपवणारं ऊन होतं. मी त्यायचा डोळा उघडून पाह्यला. बाहुली मोहरीएवढी. एवढी बारीक बाहुली मी कधी कोणाची पाह्यली नाही. डोकं दुखते, घामानं भिजून जाते, तोंडाले पाणी सुटते, पोटात मुरडा येते. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटते की पुन्हा पंप पाठीवर.

सासूबाई म्हणते नजर लागली. मिरच्या ओवाळून टाकल्या. एका डॉक्टरले दाखवलं, त्यानं डोळ्यात टाकाले थेंब देल्ले. त्यानं काही झालं नाही. शेवटी मी हट्ट धरला, तवा यायनं आजपासून पंप खाली ठेवला आहे.

तू रोज डोळ्याचंच काम करते. तूच सांग हे काय आहे. फवारू द्यावं का नाही, एवढं लिही. तुहं पत्र येईपर्यंत मी यायले वावरात पंप घेऊन जाऊ देत नाही.

शकुन


बंगलोर,
१५ ऑक्टोबर १९८०

प्रिय ताई,

घाईत लिहितेय. उद्या माझं भाषण आहे. बाहेरदेशचे दोन मोठे लोक ऐकायला येणार आहेत आणि माझी अर्धी चित्रं अजून तयार नाहीत.

अगं, मी माशीचे डोळे पाहते, माणसाचे नाही! भाऊजींची चाळिशी जवळ आली, अंधुक दिसणारच. उन्हात दिवसभर राबल्यावर घाम आणि डोकेदुखी कोणाला होत नाही? भंडाऱ्याला नेऊन नंबर काढून घे. चष्मा लागला असेल, दुसरं काही नाही. उगीच घाबरून त्यांचं काम अडवू नकोस. धान उभं आहे तर फवारावं लागणारच.

त्यांना सांग, माझे काप आता सुरेख येतात. डोळ्याच्या मागच्या थरात ते पुसणारं द्रव्य तपकिरी रंगात असं उमटलंय की सरांनी पाठ थोपटली. भाषण झालं की सविस्तर लिहीन.

विजू


तार
पवनी, २६ ऑक्टोबर १९८०

मोठे भाऊ खुशाल काल वारले. ताबडतोब निघा. सेवकराम


बंगलोर,
२ डिसेंबर १९८०

प्रिय ताई,

परत आल्यापासून रोज कागद पुढे घेते आणि ठेवून देते.

तुला सोडून निघायला नको होतं. अकरा वर्षांची चंदा दारात उभी होती, तिनं "मावशी, बाबांना काय झालं होतं?" असं विचारलं नसतं तर निघता आलं असतं का, तेही कळत नाही. मी तोंड फिरवलं आणि पळाले.

सेवकराम म्हणाले, पवनीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच सगळं संपलं, आणि दवाखान्यात हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. तसंच असेल. काही माणसांचं हृदय आतून कमजोर असतं, कळत नाही.

घरातला पंप आणि ते औषधाचं टिन आता कोणी वापरू नये. सेवकरामांना सांग, लांब नेऊन पुरून टाका. चंदाला हात लावू देऊ नकोस.

मला बाकी काही लिहिता येत नाही.

विजू


कोंढा,
१९ जानेवारी १९८१

चि. विजूले आशीर्वाद.

धान कापून झालं, मळणीही झाली. अर्धं धान वाचलं. ज्याच्या ज्याच्या बांधीत यायनं फवारलं होतं तेवढंच उभं राह्यलं. लोक येऊन सांगते, मी घरात निघून जातो.

पंप आणि टिन पुरले. पण एक विचारतो. तू आली होती तवा बैलाच्या कोठ्यात ते टिन हातात घेऊन उभी होती. मी तीनदा हाक मारली, तुले ऐकू गेली नाही. तुहं तोंड पांढरं पडलं होतं. काय वाचून राहिली होती?

सासूबाईनं अंथरूण धरलं आहे. चंदा शाळेत जाते.

शकुन


बंगलोर,
२ फेब्रुवारी १९८१

प्रिय ताई,

काही वाचत नव्हते. भाऊजींच्या हाताचे डाग होते त्या टिनावर. तेच पाहत होते.

विजू


कोंढा,
१२ ऑक्टोबर १९८४

विजू,

आज आशीर्वाद मागाहून लिहितो. पह्यले झालं ते ऐक.

परवा बुधवारी दुपारी मी धुऱ्यावर गवत कापून राहिली होती. शेजारच्या बांधीतून सुशीलाबाई ओरडत आली, "माह्या तेजरामले फिट आली व!" तेजराम म्हणजे तिचा एकुलता पोरगा, बावीस वर्षांचा. पाठीवर पंप तसाच, तोंडाले फेस, अंग थरथर करून राहिलं. लोक म्हणे, चप्पल हुंगवा, कांदा फोडा. मी खाली बसून त्याचा डोळा उघडला.

बाहुली मोहरीएवढी.

मी कोणाचं ऐकलं नाही. गोपीचंदचं ट्रॅक्टर थांबवलं, तेजरामचे कपडे तिथंच फाडून काढाले लावले, अंगावर पाणी ओतलं आणि पवनीले नेलं. तिथं नवीन डॉक्टरीण आली आहे, पोरसवदा. तिनं पाह्यलं आणि लगेच इंजेक्शन मारलं. मंग दर दहा मिनिटांनी एक. दिवस मावळेपर्यंत ती पोरगी त्याच्याजवळून उठली नाही. तेजराम वाचला. काल त्यानं पेज मागितली.

डॉक्टरीण मले म्हणे, "बाई, बाहुली पाहायची हे तुमाले कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. माह्या घरी पाह्यली होती."

ती मले बाजूले घेऊन बसली. तिनं सगळं समजावून सांगितलं. नसांच्या मधात फट असते, तिच्यातून एक रसायन जाते, ते पुसणारं असते, आणि हे औषध पुसणाऱ्यालेच बांधून टाकते. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, थांबा. हे मले माहीत आहे. माह्या बहिणीनं लिहिलं होतं." ती म्हणे, "मंग त तुमच्या बहिणीले ठाऊकच असन. वेळेवर कळलं त ह्यातून माणूस वाचते."

विजू, मी घरी आली आणि तुही सगळी पत्रं काढून वाचली.

मी तुले लिहिलं होतं. अंधारल्यावाणी होते, बाहुली मोहरीएवढी, घाम येते, तोंडाले पाणी सुटते. एकही गोष्ट सोडली नव्हती. मी अडाणी, मले काय माहीत काय मोठं, काय लहान, म्हणून सगळंच लिहिलं होतं.

तुले तवाच समजलं होतं का? का कोठ्यात टिन हातात घेतलं तवा समजलं? मले खरं सांग. हृदय कमजोर होतं असं आता लिहू नोको.

शकुन


बंगलोर,
२४ ऑक्टोबर १९८४

ताई,

खरं सांगते.

तुझं पत्र सकाळच्या टपालानं आलं. मी ते पूर्ण वाचलं. घाईत अर्धं वाचलं असं म्हणता आलं असतं, पण तसं नाही. शेवटच्या घडीपर्यंत वाचलं. 'बाहुली मोहरीएवढी' हे वाचून मला वाटलं, माझी ताई किती छान लिहिते. एवढंच वाटलं. मग मी तुला उत्तर लिहिलं, जिभेनं चिकटवलं, पेटीत टाकलं आणि चित्रं रंगवायला बसले.

त्याच टेबलावर, हात पोचेल इतक्या जवळ, त्याच जातीच्या विषाची बाटली होती. माशीच्या मेंदूचे काप आम्ही त्यात बुडवत असू. समोरच्या भिंतीवर कागद होता: अंधुक दिसणे, बाहुली बारीक होणे, लाळ, घाम, पोटात मुरडा, असं झाल्यास ताबडतोब ॲट्रोपिन द्यावे. खालच्या खणात ॲट्रोपिनच्या सहा कुप्या होत्या. आमच्यासाठी, आम्हाला काही झालं तर. तो कागद मी वर्षभर रोज पाहत होते. त्यातली लक्षणं प्रयोगशाळेतल्या माणसाला होतात असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कोंढ्याच्या बांधीत, माझ्या भाऊजींना होतील, हे डोक्यात आलंच नाही. माशीच्या बाबतीत मला एवढं कळत होतं, आणि माणसाच्या बाबतीत काहीच कळलं नाही.

कोठ्यात टिनावरचं औषधाचं नाव वाचलं तेव्हा कळलं. उभ्या जागी सगळं कळलं. तू हाका मारत होतीस ते मला ऐकू येत होतं, ताई. मी खोटं लिहिलं, ऐकू येत होतं. तुझ्याकडे वळायची हिंमत नव्हती. चार वर्षं हे लपवलं. प्रबंध पुरा केला, लोकांनी हार घातला, तेव्हाही लपवलं.

माफी मागत नाही. ती कशी मागतात ते मला माहीत नाही. फक्त एक विचारते, कारण त्याच्यावाचून माझा एक दिवस जात नाही. पंधरा ऑक्टोबरचं माझं पत्र भाऊजींनी वाचलं होतं का? ते वाचून ते पुन्हा फवारायला गेले का?

विजू


(अंतर्देशीय पत्र. पत्ता लिहिलेला, कडा चिकटवलेल्या. पोस्टाचा शिक्का नाही. हे पत्र शकुननं पोस्टात टाकलं नाही, ते तिच्या पेटीतच राहिलं.)

कोंढा,
६ नोव्हेंबर १९८४

विजू,

तुले खरं पाहिजे त घे.

तुहं पत्र बावीस तारखेले आलं, बुधवारी. पंधरा दिवसांपासून पंप कोपऱ्यात पडला होता. यायले आतून समजलं होतं. म्हणत होते, "शकुन, हे औषध मले सोसून नाही राहिलं. धान गेलं त जाऊ दे." मीच म्हटलं, विजूचं पत्र येऊ द्या, मंग पाहू.

पत्र यायनंच फोडलं. मोठ्यानं वाचलं. चष्म्याचं आलं तवा केवढे हसले! "म्हातारा म्हणते व साळी मले!" तोंडावरचं सारं भेव उतरून गेलं. म्हणे, "दिवाळी झाली की भंडाऱ्याले जाऊन चष्मा काढू, तुलेही एक काढू." मी विचारलं, "नक्की ना? औषधाचं त काही नाही ना?" त म्हणे, "विजू दिवसभर तेच पाहते. तिले नाही समजीन त कोणाले समजीन?"

गुरुवारी गोपीचंदच्या बांधीत गेले. शुक्रवारी आणखी एकाकडे. शनिवारी आपल्या. शनिवारी दुपारी मले बोलवाले माणूस आला.

तू काहीच लिहिलं नसतं तरी चाललं असतं, विजू. पत्र आलंच नसतं त यायनं पंप उचलला नसता. तू लिहिलं, 'उगीच घाबरून त्यांचं काम अडवू नकोस.' मी नाही अडवलं. यायच्या पाठीवर पंप मी चढवून देल्ला, माह्या हातानं पट्टा बांधला.

तुह्यावर एवढा राग आहे का चंदानं तुहं नाव घेतलं तरी मी तिच्यावर खेकसतो. आणि तुही आठवण एवढी येते का सांगता येत नाही. पायाले काटा रुतला की तू माह्याजवळ यायची, दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हती.

हे वाचून तू काय करशीन, विजू?


बंगलोर,
१८ मार्च १९८६

प्रिय ताई,

हे माझं सातवं पत्र. एकाचंही उत्तर नाही. सेवकरामांनी कळवलं की सासूबाई गेल्या आणि तू बरी आहेस. तू बरी आहेस एवढं कळलं.

माझ्यावर ओरड. शिव्या दे. पण मी विचारलंय त्याचं उत्तर दे.

विजू


बंगलोर,
३ डिसेंबर १९८७

प्रिय ताई,

आज एक गोष्ट झाली, ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा निबंध छापून आलाय. माशीच्या डोळ्यातून पहिला निरोप नेणारं रसायन त्यांनी शोधून काढलं. ते हिस्टामीन आहे. गांधीलमाशी चावली की अंगावर जे उठतं ना, त्याच्यामागे असणारं तेच. पुरावा इतका स्वच्छ आहे की वाद घालायला जागाच नाही. माझं ॲसिटिलकोलीन आत, मेंदूत आणखी खोल काम करतं, पण डोळ्याच्या त्या पहिल्या फटीत ते नव्हतंच. मी आठ वर्षं बंद घराचं दार ठोठावत होते.

सर वाईट वाटून म्हणाले, विज्ञानात असं चालतंच. बाकीचे माझी समजूत घालत होते. त्यांना वाटलं, मी प्रबंधासाठी रडतेय.

त्या एका भाषणासाठी मी तुझं पत्र बाजूला सारलं होतं, ताई. आणि ते भाषणच चूक निघालं.

मी फार थकले आहे. संध्याकाळी सगळे गेल्यावर प्रयोगशाळेत बसून राहते. ती बाटली अजून तिथंच आहे. कधी ती हातात घेऊन बसते, मग पाहते तर घंटाभर झालेला असतो. तुला घाबरवायला लिहीत नाही. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

शेवटचं विचारते. ते पत्र भाऊजींनी वाचलं होतं का? चंदाची शपथ घेऊन सांग. जे असेल ते मी ऐकून घेईन.

विजू


कोंढा,
१४ डिसेंबर १९८७

माही लाडाची विजू,

तुहं पत्र आज दुपारी आलं आणि मी तशीच उठून लिहाले बसली. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकतो. पह्यले ती बाटली तिथून हटवाले लाव. तुह्या सरले सांग, ताईनं सांगितलं म्हणून. आजच.

तीन वर्षं मी तुह्यावर रुसून होती, हे खोटं नाही. तुही पत्रं वाचत होती, पण उत्तर लिहाले हात उठत नव्हता. माणूस रागात असला की त्याले कोणाचं काय चाललं ते सुचत नाही. तू तिथं एकटी अशी होऊन बसली असशीन, हे मले समजलं नाही. मोठी असून नाही समजलं.

चंदाचं लग्न जमून राहिलं आहे. मुलगा वरठीच्या कारखान्यात आहे, सायकलनं जाणं-येणं करते, स्वभावानं शांत आहे. वैशाखात उरकू म्हणते. चंदा म्हणे, "मावशी आल्याशिवाय मी हळदीले बसणार नाही." अगदी यायच्यावाणी हट्टी आहे. तेजरामलेही पोरगी झाली, सुशीलाबाई तिले घेऊन माह्या अंगणात येऊन बसते. तू महिनाभर आधी ये. साड्या काढाले आंधळगावले जाऊ, तुह्याशिवाय मले रंग समजत नाही.

तुहं ते रसायन चूक निघालं म्हणते. मले त्यातलं काही समजत नाही. चूक निघालं त दुसरं शोध. नाही शोधावं वाटलं त घरी ये. इथं शाळेले मास्तरीण पाहिजेच आहे. जेवण आहे, अंथरूण आहे, मी आहो.

आता तू विचारलं ते. चंदाची शपथ घेत नाही. पोट्टीच्या अंगाले हळद लागून राहिली, तिले मधात आणू नोको. माही सोताची घेतो, गळ्याशपथ सांगतो.

तुहं पंधरा तारखेचं पत्र यायनं वाचलं नाही. दिवाळीच्या गर्दीत टपाल अडकलं होतं. शनिवारी हे गेले, सोमवारी पोस्टमन ते पत्र घेऊन आला. घर माणसानं भरलं होतं, मी ते न फोडताच चुलीत टाकलं. तू बुधवारी आली, म्हणून तुले दिसलं नाही. त्यात काय लिहिलं होतं ते मले आजही माहीत नाही. यायनं आपल्या मनानंच पंप उचलला होता. उभं धान जळताना पाहवत नव्हतं त्यायले, आणि माहं त्यायनं कधी ऐकलं नाही. शेवटपर्यंत म्हणत होते, "विजूचं भाषण चांगलं झालं असन."

झालं. एवढंच होतं. मी हे आधीच लिहाले पाहिजे होतं.

आता हे मले पुन्हा विचारू नोको, विजू. एकदा सांगितलं. दुसऱ्या बार मले सांगता येणार नाही.

तुही ताई,
शकुन